तडितकायाची मुकी चौकट

२ जानेवारी
संकल्प: यंदा तडितकायाचा महोत्सव करायचाच. आमचं कॉमिक वाचून एक अख्खी पिढी उशीचा अभ्रा पाठीला बांधून कपाटावरून उड्या मारायची. त्या पिढीचे आता गुडघे दुखतात, उशीर नको. चित्रं चित्रकाराची, संवाद माझे, फुग्यांतली अक्षरं सौ.च्या हातची. तिघेही हयात. बातमी मीच देईन. वार्ताहर असण्याचा एवढा तरी फायदा.
सौ. गेल्या जूनपासून लेकीकडे. हवापालट. महोत्सवात माझ्या शेजारी बसेल आणि तिथून सरळ घरी येईल. यात विचार करण्यासारखं काही नाही.

९ जानेवारी
लेकीला फोन. म्हणाली, बाबा, हवापालट कसला, आईने इथे क्लास काढलाय, अक्षरं शिकवते. म्हणजे वेळ जात नाही बिचारीचा.

१७ जानेवारी
चित्रकाराकडे. हात थरथरतो, जीभ नाही. पलंगाखालून मूळ पानं काढून म्हणाला, तुझ्या समासांनी माझा हीरो झाकला. एका चौकटीत खरंच तडितकायाचे फक्त बूट दिसतात, बाकी संवाद. बूट सुरेख आहेत, असं मी म्हटलं. तर म्हणे, वहिनी तुझं कापून कापून फुग्यात बसवायच्या, म्हणून निदान बूट तरी वाचले. अतिशयोक्ती. चित्रकारांना भाषेचं अंग नसतं.

३ फेब्रुवारी
सौ. येणार. प्रोग्रॅमनंतर घरीही येणार. दोन्ही गोष्टी तिने आपण होऊन सांगितल्या. मी म्हणत होतोच.
पडदे धुतले. आटले. खिडकी आता अर्धीच झाकली जाते. हवेशीर वाटतं.

११ फेब्रुवारी, दुपार
स्पीच आटोपशीर करण्याचा संकल्प. एक पान काढलं, तीन वाढली. आशयच तसा आहे.

१५ फेब्रुवारी
हॉल भरला. टक्कल पडलेली माणसं पानांसमोर पोरांसारखी तोंडं उघडी टाकून उभी. पुलाच्या चौकटीपाशी एक दाढीवाला रडला. पूल कोसळलाय, तडितकाय कमरेएवढ्या पाण्यात, हातात लहान मुलाचा बूट. फुगा नाही. हीरोसुद्धा उशिरा पोचतो हे मला इथे कळलं, असं तो म्हणाला. मूळ पान तिरपं पाहिलं की तिथे पांढऱ्या रंगाचा थर दिसतो. माझा सात ओळींचा विलाप त्याखाली आहे.
दाढीवाल्याने माइकवर विचारलं, इथे त्याला गप्प ठेवायचं कुणाला सुचलं? सौ. शेजारीच होती. चित्रकाराने तिच्याकडे बोट केलं. माइक माझ्या हातात होता. मौनाच्या शास्त्रीय परंपरेवर मी सविस्तर बोललो. विलाप माझा, तेव्हा त्याचा अभावही ओघाने माझाच.
नंतर सह्यांसाठी रांग. सौ.पुढे आणि चित्रकारापुढे. माझ्या बाजूला बहुधा पंख्याचा वारा फार होता.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
सौ. घरी आली. पडद्यांबद्दल काही बोलली नाही. आपल्या टेबलावरचे टाक, निब, तिरपी पाटी, सगळं पिशवीत भरलं. क्लासला लागतं, म्हणाली. मी चहा विचारला. टॅक्सी थांबवून ठेवली होती.
दारात वळली. "अहो, बाकी सगळं तुमच्या नावावर राहू दे. तेवढी एक चौकट माझी म्हणायला काय जात होतं तुमचं?"
मी समजावून सांगितलं. आयोजकांची घाई, माइकची खरखर, प्रश्नातली संदिग्धता, शिवाय व्यापक अर्थाने निर्मिती म्हणजे काय. तिने ऐकून घेतलं. यातला एकही शब्द कापला नाही.
मग म्हणाली, "लिफ्ट धरता का जरा?"
धरली.

१६ फेब्रुवारी
आयोजकांना फोन करून सांगितलं, बातमीत दुरुस्ती करतोय, पुलाची चौकट सौ.ची. ते म्हणाले, सर, ते सगळ्यांना ठाऊकच आहे.
मग सौ.ला फोन. लेकीने उचलला. आई क्लासमध्ये आहे, काही निरोप द्यायचाय का?
नाही म्हटलं.