दुपारी जोखलेली लेन्स

मी, इतिश्री दंडपाणि बेहेरा, वय सव्वीस, राहणार चिलिका सरोवराचा उत्तर काठ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मंगळवारी, २० जानेवारीला, भुवनेश्वरात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत.

वाटण्यांआधी एक चूक दुरुस्त करते. नावाड्यांच्या समितीला तीन वर्षांपूर्वी मी लिहून दिलं होतं, "स्वस्तातल्या दोन लेन्सपैकी बाबांची कॅननची ५५-२५० स्वच्छ, दइतारी काकांची निकॉनची ७०-३०० धूसर." हे चूक आहे. बाबांची मी सकाळी साडेसहाला तपासली. काका पक्षी बघायला आलेले पाहुणे नावेतून घेऊन गेले होते, म्हणून त्यांची दुपारी. उथळ पाणी तापलं की वरची हवा थरथरते. मग कुठल्याही लेन्समधून शेकाट्या पक्ष्याचे लांब पाय वितळल्यासारखे दिसतात. पुढच्या जानेवारीत दोन्ही एकाच सकाळी लावून पाहिल्या. पिसं दोन्हींत सारखीच स्पष्ट होती. काकांची तर थोडं लांबचंही जवळ आणत होती.

घरात शाळेत गेलेली मी पहिली, म्हणून माझ्या कागदावर कोणी शंका घेतली नाही. पाहुणे नावेबरोबर लेन्सही मागतात. समितीने त्यांना काकांकडे पाठवणं थांबवलं. बाबा घाटावर म्हणायचे, "दइतारी, तुझ्या लेन्सीतून बगळासुद्धा ढग दिसतो रे." काका हसायचे. एकदा मात्र घरी येऊन त्यांनी विचारलं, "इति, तू शिकलेली. नीट बघितलंस ना गं?"

"बघितलं, काका."

ते सुरतेला यंत्रमागावर कामाला गेले आणि तिथेच तापाने वारले. तेव्हा मला चूक कळून दोन महिने झाले होते. मी फोन केला नव्हता.

१. माझी नाव आणि घाटावरची पाहुणे नेण्याची पाळी काकांची मुलगी कुनी हिला.

२. बचत आईला. दुर्बीण आणि पक्ष्यांच्या वह्या गावच्या शाळेला. वह्यांतल्या दुपारच्या नोंदींवर मी फुली मारली आहे.

३. बाबांवर माझा राग नाही. त्यांची थट्टा माझ्याच कागदावर उभी होती. समितीचे सचिव नबघनबाबू यांच्यावर आहे. त्यांनी तो कागद चौकट करून टांगला, फेरतपासणी सुचवली नाही. तो उतरवावा.

४. काकांची लेन्स पेटीत बुरशीने गेली. तसलीच मी घेतली आहे, ती काकूला.

काकू लाभार्थी असल्याने साक्षीदार नाही, पण तिला हे वाचून दाखवलं. पाण्यात भिजवलेला पखाळ भात कालवता कालवता ती म्हणाली, "लेन्स घेऊन काय चाटू? चार माणसांत माझा नवरा येडा ठरला. तू मेल्यावर खरं बोलणार, म्हणजे तुला कोणी काही विचारायलाच नको. हुशार आहेस बाई."

मग तिच्यासमोरच पुढचं लिहिलं.

५. समितीच्या बैठकीत, सगळ्या नावाड्यांसमोर, वरची चूक मी स्वतः तोंडाने सांगेन. हे कलम माझ्या मृत्यूवर अवलंबून नाही.

सही: इतिश्री बेहेरा
साक्षीदार: सुकांती जेना, अंगणवाडी सेविका, आणि प्रफुल्ल स्वाइं, पोस्टमन. दोघांनी पाचही कलमं ऐकून, एकमेकांदेखत सह्या केल्या.
आमच्या घरी, सोमवार, १२ जानेवारी २०२६.

पाचवं कलम अमलात येण्याचा दिवस: रविवार, १८ जानेवारी २०२६.