कोशाचं खोकं

भवानीपूर, कलकत्ता
रविवार, १६ जून १९७४

प्रिय नारायण,

सप्रेम नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. त्याच्या आधीचंही मिळालं होतं, आणि त्याच्याही आधीचं. टपालवाल्यांना उगाच शिव्या देऊ नकोस.

इकडे उकाडा नेहमीचा, दिवे जातात तेही नेहमीचंच. हिमसागर आंबे संपत आले. तू असतास तर "याला काय आंबा म्हणायचं?" असं म्हणत म्हणत चार संपवले असतेस.

आता खोक्याचं. तुझ्या बंगाली-मराठी कोशाची नऊ हजार कार्डं, बदली होऊन गेलास तेव्हा माझ्या स्वाधीन केलेली. ती पाठवायचा काहीतरी सोपा मार्ग काढ, असं तू फेब्रुवारीपासून लिहितोयस आणि मी दर पत्रात एकेक मार्ग बाद करतोय. टपालाने म्हणशील तर फडक्यात शिवून, लाख लावून बारा-तेरा पार्सलं होतील, त्यातलं एक जरी मागे राहिलं तरी एक आख्खं अक्षर गेलं. कुणाबरोबर द्यावं, तर चहाचं एवढं मोठं खोकं पुण्यापर्यंत कोण सांभाळत बसेल? रेल्वेने पाठवावं, तर संप. शेवटी तू वैतागून लिहिलंस, "दत्तू, जन्म रेल्वेच्या कचेरीत काढलास आणि एक खोकं हलवता येत नाही तुला?" खरं आहे. गार्डन रीचला तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पार्सलांचेच कागद हलवले.

आणि आता सोपा मार्ग आपणहून दारात आलाय. वरच्या मजल्यावरच्या प्रमोदची बँकेने पुण्याला बदली केली. सामानाचा ट्रक सोमवारी, चोवीस तारखेला निघतो. त्याची बायको उज्ज्वला काल येऊन म्हणाली, "काका, खोकं आमच्या कपाटाशेजारी सहज बसेल. नारायणकाकांच्या दारात उतरवून देऊ. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी नाही म्हणालो.

प्रेमलताला अशक्तपणा आहे, असं मी तुला लिहीत आलो. तिला अशक्तपणा नाही. तिची आठवण गेली आहे, नारायण. दीड वर्ष झालं. आधी किल्ल्या, दुधाचं पातेलं असं काहीबाही विसरायची. मग आपली गल्ली विसरली. पोटच्या लेकीचा, सुनीतीचा, फोटो दाखवला तर म्हणते, "गोड आहे हो, कुणाची?" डॉक्टर म्हणतात, वय. साठीला कसलं आलंय वय?

तिला एकच गोष्ट येते. आंघोळ झाली की खोक्यापाशी बसते, गठ्ठा सोडते, कार्डं पलंगावर मांडते. तिनेच शेजारपाजारहून मागून आणलेल्या लग्नपत्रिका कापून केलेली ती कार्डं. एका बाजूला बंगाली पत्रिकांवर असतं ते छापील फुलपाखरू, कोऱ्या बाजूला वर तिच्या अक्षरात बंगाली शब्द, खाली तुझ्या अक्षरात मराठी. वरचा शब्द वाचते, खालचा हाताने झाकते आणि अर्थ सांगते. झिंगे, दोडका. चिरुनी, कंगवा. एकदाही चुकत नाही. गठ्ठे परत बांधताना मात्र सगळा क्रम मोडते. तुझी बारा वर्षांची मांडणी रोज थोडी थोडी विसकटते आहे आणि मी समोर बसून बघतो. याची मला लाज वाटते.

संपाचंही तुला अर्धंच लिहिलं. संप आठ मेला सुरू झाला. मी खोकं हावड्याला नेऊन तीन तारखेलाच बुक केलं होतं. घरी आलो तर हिने सगळी कपाटं उपसलेली, साड्यांच्या ढिगात बसून कार्डं शोधत होती. दोन दिवस अन्नाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन, ओळखीच्या बाबूच्या हातापाया पडून मीच खोकं परत आणलं. मग संप झाला आणि मला आयतं कारण मिळालं.

अजून एक आहे. ते लिहावं की नाही, कळत नव्हतं. आपल्या रविवारी ती शब्द लिहायची, तू खाली अर्थ लिहायचास आणि मी चहा करायचो. तिच्या लेखी तो रविवार अजून चालू आहे. कार्डांसमोर बसलेला मी तिला तू वाटतो. "भावोजी, हे कुठे राहिले? चहा आला नाही अजून," म्हणते. पहिल्यांदा मी म्हणालो, "अगं, मीच तो." इतकी घाबरली, इतकी रडली, की पुन्हा म्हणालो नाही. गुपचूप आत जातो, चहा करून आणतो. एक घोट घेते आणि खुलते. "ह्यांनी केलाय ना? ह्यांच्या हातचा लगेच कळतो."

तुझ्या काचबिंदूचं वाचलं. दिसतंय तोवर प्रुफं माझ्याच डोळ्यांखालून जावीत, हे तुझं वाक्य मला झोपू देत नाही. दुपारी तिचा डोळा लागला की मी कार्डं उतरवून काढायला बसतो. आजची चाळीस सोबत आहेत. रोज चाळीस धरली तरी संक्रांत उलटेल, आणि छापखान्याला तुला दिवाळीआधी हवीत. याला मार्ग म्हणत नाहीत, हे मलाही कळतं.

कोश तुझा आहे. चोवीस तारखेच्या आत "पाठव" एवढी तार केलीस तर मी उज्ज्वलाला सांगून खोकं ट्रकात चढवीन. नंतर घरात काय होईल ते होईल. पण ते तू सांगायला हवंस. माझ्याने होत नाही रे.

आतून "भावोजी, भावोजी" चाललंय. उठतो.

तुझा,
हल्ली तुझ्याच नावाने ओ देणारा,
दत्तात्रय