साठवून ठेवलेलं उत्तर

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन आज अकरा दिवस झाले. तू मागितलंस ते जेमतेम चार ओळींचं काम, त्याला अकरा दिवस लागायला नको होते. लिहायला रोज बसतो. पहिलं वाक्य जमतं, दुसरंही जमतं, तिसऱ्यापाशी हात थांबतो. शेवटी आज ते बाजूला सारून हे पत्र घेतलंय. लांबणार आहे. चष्मा शोध, नीट बस आणि मग वाच. उभ्या उभ्या वाचू नकोस.

आधी इकडची खबरबात. आपला रुग्णवाहिकांचा नियंत्रण कक्ष अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे आणि तुझ्या टेबलामागची खिडकी अजूनही अर्धीच उघडते. त्या टेबलावर आता मी बसतो. हे तुला कोणी ना कोणी सांगितलं असेलच, पण मी स्वतः कधी सांगितलं नव्हतं. साहेब निवृत्तीला आलेत आणि चिडायचे थोडे कमी झालेत. फोन घेणाऱ्या बायका परवा मला म्हणाल्या, "मॅडम असताना निदान कुणी हसायचं तरी इथे." सगळे तुला मॅडम म्हणायचे, ताई म्हणणारा मी एकटाच. तू कधी हरकत घेतली नाहीस. उलट पहिल्याच आठवड्यात माझा डबा उघडून बघितलास, "हे काय जेवण आहे?" म्हणालीस आणि दुसऱ्या दिवसापासून दोन डबे आणायला लागलीस. मी नोकरीत नवा आणि शहरात एकटा होतो. तेव्हा मला ते फार मोठं वाटलं होतं. आजही वाटतं, म्हणून तर हे लिहायला इतकं जड जातंय.

तू मला मेमोइझेशन शिकवलंस तो दिवस जसाच्या तसा आठवतो. प्रोग्राममधलं एखादं फंक्शन फार वेळ खात असेल तर त्याने एकदा काढलेलं उत्तर साठवून ठेवायचं आणि तोच प्रश्न पुन्हा आला की हिशेब न करता ते द्यायचं, एवढीच गोष्ट. पण तू ती पुस्तकातून नाही सांगितलीस. अचानक विचारलंस, "सतरा आठे?" मी म्हटलं, एकशे छत्तीस. "सतरा आठ वेळा मिळवलेस?" नाही, पाठ आहे. "बरं, बाहेर ऊन किती आहे?" मी खिडकीकडे बघितलं. तू लगेच म्हणालीस, "बघितलंस ना? मग ते पाठ करून चालेल का?" ज्या फंक्शनला बाहेर डोकवावं लागत नाही, दिलेल्या आकड्यांवरच ज्याचं उत्तर ठरतं, त्याचंच उत्तर साठवावं. जे बाहेर बघतं, त्याला दर वेळी बघू द्यावं. मी मान डोलावली. मला ते खरोखरच समजलं होतं, ताई. समजलं नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

आपल्या प्रणालीतलं ते फंक्शन तुला सांगायला नको. फोन कुठून आला आणि रुग्णवाहिका कुठे उभी आहे हे घ्यायचं आणि पोचायला किती मिनिटं लागतील ते सांगायचं. फोन वाढले तशी प्रणाली रखडायला लागली. एकेका फोनला नऊ-नऊ सेकंद, आणि फोन घेणाऱ्या बाईच्या कानात समोरचा माणूस रडतोय. साहेबांनी सांगितलं, वरिष्ठ मंडळी बघायला येणार आहेत, त्याआधी वेग वाढलाच पाहिजे. मी त्या फंक्शनची उत्तरं साठवायला लागलो आणि नऊ सेकंदांवरून काम डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. तू आलीस, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलंस आणि एकच प्रश्न विचारलास, "हे कुठे बाहेर बघत नाही ना रे?" मी म्हटलं, "नाही ताई, शंभर टक्के." त्या दिवशी तुझ्या मुलीला ताप होता, शाळेतून दोनदा फोन येऊन गेला होता. तू मंजुरी दिलीस आणि पर्स उचलून पळालीस. दोन दिवसांनी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हाही तू मुलीपाशी घरीच होतीस.

पण ते बाहेर बघत होतं. त्याच्या पोटात आणखी एक फंक्शन होतं आणि ते बंद रस्त्यांची यादी वाचायचं. सतरा दिवसांनी सकाळी नदीवरच्या जुन्या पुलाला तडा गेलेला दिसला. पूल बंद झाला, तशी नोंद यादीत झाली, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. अकराच्या सुमाराला पलीकडच्या बाजारातून फोन आला. दुकानात मशीनवर बसलेली एक शिंपीण एकाएकी कलंडली होती, तोंड वाकडं झालं होतं, बोलता येत नव्हतं. आपल्या प्रणालीने साठवलेलं उत्तर दिलं, अलीकडच्या काठावरची गाडी चार मिनिटांत पोचेल म्हणून. शिंपिणीच्याच काठावर, नऊ मिनिटांच्या अंतरावर, दुसरी गाडी रिकामी उभी होती. पुलाच्या तोंडाशी चालकाने वायरलेसवर ओरडून विचारलं, "पूल बंद आहे, मला इकडे कुणी पाठवलं?" शिंपिणीपाशी गाडी पोचली तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती. ती वाचली. उजवा हात मात्र परत आला नाही.

पुढचं तुलाही ठाऊक आहे, पण तू ते तुझ्या बाजूने पाहिलंस. त्याच दुपारी तुझा संगणक बंद केला, तुला घरी बसायला सांगितलं, कारण मंजुरीखाली नाव तुझं होतं. दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं. चौकशी समितीत तीन जण होते, त्यांतल्या एकालाही प्रोग्रामिंग येत नव्हतं. मला विचारलं, "ते फंक्शन यादी वाचतं हे तुम्हाला माहीत होतं का?" मी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला आणि म्हणालो, "मॅडमनी तपासलं होतं." मला हो किंवा नाही विचारलं होतं. मी तुझं नाव सांगितलं. बाहेर बाकावर तू बसली होतीस. मला बघून उठलीस आणि म्हणालीस, "घाबरलास का? तू नवा आहेस, तुला काही होणार नाही. मी सांगते त्यांना, चूक माझी आहे." आणि आत जाऊन खरंच तसं सांगितलंस. मी जिना उतरून खाली गेलो आणि चहा प्यायलो. घशाखाली उतरला तो चहा, ताई.

तू राजीनामा दिलास, आणि त्यानंतर प्रोग्रामिंगच सोडलंस. मध्ये एकदा आपण रस्त्यात भेटलो होतो, तुझ्या हातात भाजीची पिशवी होती. मी विचारलं, आता काय करतेस? तू म्हणालीस, मुलांच्या शिकवण्या घेते. मग जरा थांबून म्हणालीस, "एकच गोष्ट डोक्यातून जात नाही रे. मी तर नेमकी ह्याच चुकीसाठी चाचणी लिहून ठेवली होती. रस्ता बंद करायचा, तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, उत्तर बदललं नाही तर लाल दिवा. ती चाचणी गप्प कशी बसली? म्हणजे मला चाचणीसुद्धा धड लिहिता येत नाही." मी म्हणालो, होतं असं कधीकधी. आणि बस आली म्हणून पळालो. माझी बस ती नव्हतीच.

मागच्या वर्षी मी त्या शिंपिणीच्या दुकानात गेलो होतो, पँटची उंची कमी करायचं निमित्त काढून. ती डाव्या हाताने खडूची रेघ मारते, कापड तिची भाची कापते. रेघ वाकडी आली की पुसते आणि पुन्हा मारते. मला म्हणाली, "वेळ लागेल हं, घाई असेल तर दुसरीकडे टाका." तिला कुणीतरी सांगितलंय की कॉम्प्युटरची चूक झाली. ती म्हणाली, मशीन आहे, त्याला काय बोलायचं! ती पँट मी अजून घातलेली नाही. बायकोने विचारलं तेव्हा आधी थापा मारल्या, आणि परवा तिला सगळं सांगून टाकलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकलं, घडी घालायची थांबली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "आणि हे ताईंना कधी सांगणार आहेस?"

तर आता सांगतो. तू लिहिलंस की चार वर्षांनी एका छोट्या कंपनीत पुन्हा प्रोग्रामिंगच्या कामासाठी अर्ज केला आहेस आणि जुन्या ठिकाणच्या कुणाचं तरी शिफारसपत्र हवंय. "माझी चूक लपवू नकोस, ती माझीच होती, पण मी त्यातून शिकले असं लिही," असं तू लिहिलंस. माझा हात थांबतो तो त्याच वाक्यापाशी. तुझी चाचणी गप्प बसली नव्हती, ताई. तिने पहिल्याच फेरीत चूक पकडली होती. तू खांद्यावरून बघायला आलीस त्याच्या तासभर आधी ती माझ्या डोळ्यांसमोर लाल झाली होती आणि का लाल झाली तेही मला कळलं होतं. पाहुणे यायला दोन दिवस होते. चाचण्या चालवणाऱ्या मशीनवर मी एक ओळ घातली, ही चाचणी वगळा म्हणून, आणि मनाला सांगितलं, पाहुणे गेले की बघू. मग टाळ्या वाजल्या आणि मी बघितलं नाही. शिंपीण कलंडली त्या दुपारी, दुरुस्तीच्या नावाखाली, ती ओळ पुसली. समितीच्या अहवालात लिहिलं की चाचणी होती, पण तिने चूक पकडली नाही. त्या वाक्यावर तू चार वर्षं स्वतःला कच्ची समजत राहिलीस. आज सकाळी मी हे सगळं दोन पानांवर लिहून, खाली सही करून साहेबांच्या हातात दिलं आणि समितीच्या प्रमुखांकडे पोचवलं. साहेबांनी दोनदा वाचलं, मग मला ओळखपत्र काढून ठेवायला सांगितलं. त्या दोन पानांची प्रत सोबत जोडली आहे. शिफारसपत्राच्या जागी कंपनीला तीच दाखव. तुझ्याविषयी त्यात जे आहे ते सगळं खरं आहे. उत्तर लिहायचं बंधन मानू नकोस, क्षमा तर मी मागतही नाही, मागायची तरी कुठल्या तोंडाने. उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळी शिंपिणीकडे जाणार आहे. तिच्याशी काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. पण ती मशीनची चूक नव्हती, एवढं तिला माझ्याकडून कळायला हवं.

तुझाच,
धाकटा