नवऱ्याच्या वाट्याचं वाचन

देवळी, ३० ऑगस्ट १९८२

मोनिकाच्या बाबांले नमस्कार.

तुमचं कार्ड भेटलं. बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, हे मागच्या रविवारचं बायबलातलं वाचन लिहून तुमी मले घरी बलावता. त्या रविवारी सगळ्याच देवळांत तेच वाचन असते, हे विसरले का? इथं फादरनं ते मलेच वाचाले लावलं.

तीन वर्षांमागं हेच वाचन आलं, तवा आपल्या गावात तुमी वाचलं. आदल्या दिवशी मले मारलं होतं. तुमी त्याच ओळीवर पुस्तक मिटलं, अन् वाचन संपल्यावर सगळ्यांसंगं सुजल्या ओठांनी मीबी ‘देवाला धन्यवाद’ म्हटलं.

मी इथं पुस्तक मिटलं नाई. पुढं नवऱ्यानं बायकोले सोताच्या शरीरावानी जपावं असं आहे, अन् तो भाग बायकोच्या भागाहून लांब आहे. एकदा सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचा.

त्यांचा गुडघा कसा आहे? मोनिका बरी आहे, शाळेत जाते. दार जोरात वाजलं की अजून माह्या मागं लपते.

ते वाचन तीन वर्षांनी वापस येईल. मी येणार नाई.

मार्था