नखांतली खळ

पोळ्याची संध्याकाळ, १९७४
सक्करदरा

सुटले एकदाची! महिनाभर जीव टांगणीला लागला होता. हे रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या बंद खोलीत जायचे आणि परत यायचे तेव्हा नखांत काहीतरी पांढरं वाळलेलं असायचं. विचारलं की नुसते हसायचे. शेजारच्या शांताबाईंनी तर सांगूनच टाकलं, "गुप्त मंडळ हाय वं ते. शपथा घेऊन राहिले सारे. नखात भस्म असन." मी उडवून लावलं, पण मनात बसलं ते बसलंच. मग यांचं हसणंही खोटं वाटायला लागलं. "तसं काही नाही वं," म्हणाले, तेव्हा तर खात्रीच पटली! काय केलं असतं म्हणजे माझा संशय गेला असता? काहीच नाही बहुतेक.

आज हे चष्मा विसरले. तो द्यायला मी गेले आणि सरळ दार ढकललं. आत बांबूच्या कामट्यांचा, कागद चिकटवलेला हा एवढा बडग्या! साखर दडवणाऱ्या, पोट सुटलेल्या दुकानदाराचा पुतळा. उद्या मारबतीच्या मिरवणुकीत निघणार. सोंग आधी फुटू नये म्हणून त्या शपथा. आणि नखांत कागद चिकटवायची खळ! हसून हसून मी खालीच बसले, मग दोन कागद मीही चिकटवले.

"कोणाले सांगू नको वं," हे म्हणाले.

परतताना शांताबाई दारातच. "काय हाय वं आत?"

"मले काय माहीत!" म्हटलं, आणि हसू आलंच.

त्या माझ्या नखांकडे बघत राहिल्या.