गाभण म्हशीला फाशीची लस

येलदरी, ८ जुलै २०२५

ती. महारुद्रदादास,
सविताचा शि. सा. न. वि. वि.

घरात फोन एकच आणि तो सासूबाईंसमोर स्पीकरवर असतो, म्हणून लिहिते. शेजारच्या मुंजाजींचा बैल दावणीलाच कोसळून मेला, नाकातून काळसर रक्त. सरकारी डॉक्टर म्हणाले, फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स. आता गावभर लस टोचायलेत. आपली म्हैस आठ महिन्यांची गाभण. सासूबाईंचं एकच, सुई टोचली की गाभ पडतोय, मी हात लावू देणार न्हाई.

तू जनावरांच्या कॉलेजात कारकून असलास तरी आमच्या गावाला डॉक्टरच. तिथे विचारून लगेच कळव. मला रात्रंदिवस धास्ती लागलीय.

वहिनींना नमस्कार. बहिणीवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी सविता

परभणी, ११ जुलै

चि. सौ. सवितास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तसाच उठलो. इथल्या डॉक्टर मॅडमना विचारलं. गाभणीला लस देताना त्याही जपतात, एखादीचा गाभ जाऊही शकतो. पण रोग दारात आलाय, तेव्हा न टोचण्यात धोका जास्त, असं त्या म्हणाल्या. लसीत फाशीचेच जंतू असतात, जिवंत पण दुबळे केलेले. म्हणून टोचल्या जागी गाठ आली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नका, नाहीतर लसच मरते. बजरंगरावांना मुद्दाम सांग. आमच्या दाजींच्या हातात सुई फार लवकर येते!

मेलेलं जनावर कुणी फाडू नका, त्यातून जंतू पसरतात. सासूबाईंना नमस्कार. खुशाली कळवत जा, जीव टांगणीला आहे.

तुझा दादा

येलदरी, १५ जुलै

ती. दादास सविताचा नमस्कार.

तुझं पत्र उशिरा पोचलं. सासूबाई पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेल्या, तेवढ्यात मी लस देऊन घेतली होती. मानेवर गाठ आली, तर यांनी घरात उरलेलं अँटिबायोटिक टोचलं. पत्र वाचून हे डोकं धरून बसले. डॉक्टर म्हणाले, लस वाया गेली असंच धरा, काही दिवसांनी पुन्हा टोचावी लागेल.

आज सकाळी म्हशीने वैरणीला तोंड लावलं नाही. अंग तापलंय. ताप गाठीचा की फाशीचा, कुणाला कळेना. डॉक्टर कानाचं रक्त तपासायला घेऊन गेलेत आणि औषध सुरू केलंय.

सासूबाई गोठ्यातून हलत नाहीत. माझ्याशी बोलणं बंद. मघाशी शेजारणीला सांगत होत्या, जगली तर नरसिंहाची किरपा, मेली तर सवितीची सुई.

दादा, मला लय भीती वाटायलीय. ही वाचली, तर डॉक्टर म्हणतील त्या दिवशी मी पुन्हा लस देऊन घेईन. फक्त या वेळी सासूबाई घरात असताना.

जमलं तर ये. पाठीशी राहा.

तुझी सविता