बॅटरीवरचं कुंकू

सूनबाई,

गाडी चालू झाली. तू गाडीतला टेप ऐकत बसलीस म्हणून बॅटरी उतरली, असं काल मी सगळ्यांदेखत बोललो. पण बॅटरी उतरली असती तर दिवा निदान मिणमिणला असता. इथं दिवा न्हाई, हॉर्नबी न्हाई. म्हणून सकाळी बॅटरीची क्लिप काढून पाहिली. आत हळदी-कुंकवाचा थर. दसऱ्याच्या पूजेला मीच लावलं अन् त्याच्यावरच क्लिप आवळली. चार दिवस कसाबसा करंट गेला अन् काल बंद. तुझ्या भाजीच्या सुरीनं खरडलं, बराबर सुरू झाली. सुरी घासून जागेवर ठेवली.

तुझ्या आईला आणायला कनेरगाव नाक्याला मीच चाललो. येताना तुझीच कॅसेट लावून येतो. आवाज आला की चहा टाक.

मामंजी